मफिन आणि जांभळ्या फुलांचा गाऊन

बायसन, म्हणजे अमेरिकेतला केसाळ गवा, हा लळा लावायचा प्राणी नव्हे, हे अख्ख्या दक्षिण डाकोटात माझ्याइतकं ठणकावून कुणी सांगितलं नसेल. आमच्या भागातल्या बायसनपालक संघाचा मी अध्यक्ष. दर सभेत माझं एकच भाषण : जनावराला नाव देऊ नका, लाड करू नका. टाळ्या पडायच्या.

गेल्या मे महिन्यात वीज पडून आमची एक मादी मेली. तिचं चार दिवसांचं वासरू मागं राहिलं. माझी बायको लाव्हॉन त्याला घरी घेऊन आली, बाटलीनं दूध पाजू लागली आणि मला न विचारता त्याचं नाव मफिन ठेवून मोकळी झाली. मी संघाचे नियम ऐकवले.

"ते सभेत बोल," ती म्हणाली. "इथं बाटली धर."

महिन्याभरानं मुलीच्या बाळंतपणासाठी ती फार्गोला गेली आणि मफिननं उपोषण मांडलं. बाटली दिसली की तोंड फिरवायचं, मी जवळ गेलो की ढुशी! दुसऱ्या दिवशी त्याचे पाय लटपटायला लागले, तेव्हा मी फोन केला. लाव्हॉन म्हणाली, "त्याला माझा वास हवा असेल. दारामागं माझा गाऊन टांगलाय, तो घाल."

मी साफ नकार दिला. अध्यक्षाला काही इभ्रत असते की नाही?

तासाभरानं मफिन खाली बसलं ते उठेचना. मग मात्र मी तो जांभळ्या फुलांचा, लेस लावलेला गाऊन कसाबसा अंगात कोंबला. मफिननं हुंगलं आणि डोळे मिटून दोन बाटल्या रिकाम्या केल्या. खोटं कशाला बोलू, मी त्याचं कपाळ खाजवत तिथंच बसून राहिलो.

पुढं सवयच लागली. त्याला की मला, ते विचारू नका. गाऊन घालून मी पुढं, ते मागं, अशी आमची वरात रोज तळ्यापर्यंत जायची. एका सकाळी शेजारचा डेलबर्ट क्राउसे कुंपण दुरुस्त करत होता. त्यानं अदबीनं हॅट काढली, "गुड मॉर्निंग, लाव्हॉन" म्हणाला, आणि मग माझ्या मिशा बघितल्या.

दुपारपर्यंत गावभर झालं. संघाची तातडीची सभा भरली. डेलबर्टनं माझंच भाषण मला वाचून दाखवलं. मी राजीनामा दिला, तो अध्यक्ष झाला.

यंदाच्या मे महिन्यात नवे अध्यक्ष आमच्याकडे आले. हवापाण्याचं बोलले, तीन कप कॉफी प्याले. त्यांच्या एका मादीनं आपलं वासरू झिडकारलं होतं, आणि ते बाटलीनं दूध घेत नव्हतं.

"तो गाऊन," डेलबर्ट कपात बघत म्हणाला, "आठवडाभर देशील का? आमच्या हिचा मला दंडात चढत नाही."

द्यायला माझी ना नव्हती. पण दोनशे किलोचं मफिन दारात येऊन उभं होतं आणि आमची फिरायला जायची वेळ झाली होती.