कण्यात अडकलेलं वर्ष

बाइंडरकाकांचं अख्खं वर्ष सकाळी साडेनऊला हरवलं, आणि लेक तर चारच्या गाडीने येणार होती.

वर्ष म्हणजे वर्षाची रोजनिशी. दुकानातल्या टेबलाखाली एक खोकं होतं, त्यात ती असायची. आज खोकं होतं, पण रिकामं. काकांनी ते उलटं करून आपटलं, खळीचं भांडं उचलून पाहिलं, शेवटी स्वतः बसले होते त्या खुर्चीवरून उठून तिथेही पाहिलं.

या रोजनिशीवर बरंच काही अवलंबून होतं. वर्षापूर्वी लेकीने फर्मान काढलं होतं, "बाबा, चाळीस वर्षं लोकांची पुस्तकं बांधलीत, आता पुरे. दुकान बंद करा आणि दोघं माझ्याकडे राहायला या." मग रुसवेफुगवे झाले आणि शेवटी तह झाला. आठवड्यातले तीन दिवस काका दुकानात बसतील, तीन दिवस भाची बसेल. काकांनी रोज रात्री खरं खरं लिहायचं. वर्षाने लेक येऊन ते वाचेल, आणि माणूस सुखात दिसला तरच दुकान राहील.

काका सुखात होते, यात वादच नव्हता. घरच्या दिवशी गच्चीत खुर्ची टाकावी, काकूंनी पुढ्यात ठेवलेली भाजी निवडावी, दुपारी वर्तमानपत्र तोंडावर घेऊन डुलकी काढावी. दुकानाच्या दिवशी पहिल्यांदाच कामावर निघाल्यासारखी घाई करावी. दोन्हीकडे जायला मन तयार असायचं. हे सगळं त्यांनी इमानदारीने लिहिलं होतं. फक्त सुट्या कागदांवर लिहिलं होतं, वर्ष संपलं की निवांत शिवू म्हणून. सगळ्या गावाची पुस्तकं शिवणाऱ्या माणसाची स्वतःची वही सुटी. दिव्याखाली अंधार, दुसरं काय!

"मामा, काय शोधताय?" भाचीने आत येत विचारलं.

"इथले लिहिलेले कागद."

"ते होय? ते पट्ट्यांना वापरले. कालच संपले."

पुस्तक शिवून झालं की त्याच्या कण्यावर आतून कागदाची पट्टी चिकटवतात, मग वर पुठ्ठा चढतो. भाचीने वर्षभर काकांच्या रोजनिशीचं एकेक पान मधोमध उभं कापून त्याच्या पट्ट्या केल्या होत्या.

"अगं, पण वाचायचं तरी!"

"बांधायचं ते वाचायचं नाही, तुम्हीच शिकवलंत. टेबलाखालचा लिहिलेला कागद म्हणजे पट्टीचा कागद, हेही तुम्हीच शिकवलंत. कोरा कागद वापरलास तर याद राख, असंही म्हणाला होतात."

"मग मला वर्षभर कसं कळलं नाही?"

"तुम्ही वरून ठेवत होता, मी खालून घेत होते."

ढीग वाढत नाही हे काकांच्या लक्षात आलं होतं, नाही असं नाही. पण वर्षच इतकं शांत गेलं होतं की ढीग वाढण्यासारखं घडलंय तरी काय, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली होती.

भाची मात्र डिंकाऐवजी पिठाची खळ लावणारी होती, ही त्यातल्या त्यात नशिबाची गोष्ट. ओल्या फडक्याने खळ सुटते. काकांनी फडकं, पातळ सुरी आणि कामाची यादी घेतली आणि दहा वाजता संगीताच्या बाईंचं दार वाजवलं. बाईंची स्वरलिपीची जाडी वही गेल्याच महिन्यात बांधून झाली होती.

"पुन्हा उसवायची? चांगली तर आहे!" बाई म्हणाल्या.

"आतून तपासायची आहे," काका म्हणाले. चाळीस वर्षांत स्वतःचं काम त्यांनी स्वतः कधी उसवलं नव्हतं. सुरी चालवताना त्यांनी एक डोळा मिटूनच घेतला. पट्टी सुटली तशी बाईंनी चष्मा लावून ती हातात घेतली.

"संगीताच्या बाई आल्या. त्यांचा आवाज," त्यांनी वाचलं. पुढे कागद कापलेला होता. "माझा आवाज काय?"

"चांगलंच लिहिलं असेल हो."

"असेल? म्हणजे तुम्हाला आठवत नाही? आणि आठवत नाही की सांगायचं नाही? या पट्टीचा उरलेला अर्धा भाग कुठाय?"

भाचीच्या यादीप्रमाणे त्याच दिवशी बांधलेलं दुसरं पुस्तक दातांच्या डॉक्टरांचं होतं. बाईंनी पायात चपला सरकवल्या. "चला, मी येते."

दातांचे डॉक्टर एका माणसाच्या तोंडात वाकून काम करत होते. त्यांच्या जाड्या पुस्तकाचा कणा काकांनी बाहेरच्या बाकावर सोडवला. पट्टीवर बाईंच्या आवाजाचा पत्ता नव्हता. उतावळेपणाने बाईंनीच ती मोठ्याने वाचली, "हात थरथरतात. बरं झालं, कोणी पाहिलं नाही."

आत दात कोरायचं यंत्र थांबलं. खुर्चीतला माणूस तोंडातल्या कापसासकट उठून बसला.

"डॉक्टर, मी उद्या येतो," तो म्हणाला आणि गेलासुद्धा. बाकावर नंबर लावून बसलेल्या दोन बायकांनाही एकदम घरची कामं आठवली.

"काका, माझे हात थरथरतात?" डॉक्टरांनी दोन्ही हात त्यांच्या नाकासमोर धरले. "बघा! बघा की! हे मी निस्तरणार कसं?"

"तुमचे नसतील हो डॉक्टर. अर्धं वाक्य आहे."

"मग अर्धं मिळाल्याशिवाय मी तुम्हाला सोडत नाही." डॉक्टरांनी दवाखान्याला कुलूप घातलं.

वाचनालयातल्या शब्दकोशाचे दोन्ही खंड ग्रंथपाल आधी देईनातच. मग आपल्याबद्दलही काही असेल, हे ऐकल्यावर ते स्वतःच दोन्ही खंड काखोटीला मारून निघाले. असं यादीतलं एकेक घर घेत दुपारी तीन वाजता काकांच्या घरी नऊ माणसं आणि चौदा पुस्तकं जमली होती. जमिनीवर ओल्या पट्ट्या वाळत घातल्या होत्या आणि सगळे गुडघ्यांवर बसून माझ्या अर्ध्याला तुमचा अर्धा लागतो का, हे बघत होते. काकू तिसऱ्यांदा चहा टाकत होत्या.

"वर्षभर या घरात कुणी फिरकलं नाही, आणि आजच बरं सुचलं!" त्या म्हणाल्या. पण कप त्यांनी चांगले काढले होते.

बरोबर चार वाजून दहा मिनिटांनी लेक दारात उभी राहिली. आई, बाबा, आतेबहीण आणि अर्धं गाव जमिनीवर रांगताना पाहून तिने बॅग खाली ठेवली.

"बाबा, हीच का तुमची विश्रांती?"

काकांनी चोरासारखी मान खाली घालून सगळं सांगितलं. लेक गुडघ्यांवर बसली आणि एकेक पट्टी वाचू लागली. "विशेष काही नाही. दुपारी झोप. बरं वाटलं." "विशेष काही नाही. हिने निवडायला भाजी दिली." मग ग्रंथपालांच्या शब्दकोशातली एक पट्टी तिने डॉक्टरांच्या पट्टीला लावून पाहिली. कड कडेला अचूक बसली.

"सुईत दोरा ओवताना माझे हात थरथरतात. बरं झालं, कोणी पाहिलं नाही."

डॉक्टरांनी एवढा मोठा सुस्कारा सोडला की दोन पट्ट्या उडाल्या. मग त्यांच्या लक्षात आलं की बाकी सगळे काकांकडे बघताहेत. काका आपले हात मांडीखाली घालून बसले होते. आता दुकान गेलं, हे त्यांना स्पष्ट दिसत होतं.

"मी पाहिलं होतं मामा," भाची हळूच म्हणाली. "म्हणून तर माझ्या दिवशी निघताना तुमच्यासाठी सुया ओवून ठेवते."

"आणि मला वाटलं, मीच ओवून विसरतो!"

"हे बघा, सापडली!" संगीताच्या बाई कोपऱ्यातून ओरडल्या. "त्यांचा आवाज खिडकीतून येतो तेव्हा मी काम थांबवतो." त्यांनी ती पट्टी काकांपुढे धरली. "ही परत माझ्याच वहीत घाला. आतच असू दे."

"मलाही आतच हवी," ग्रंथपाल म्हणाले. त्यांच्या पट्टीत फक्त ते पुस्तकाला हात लावण्याआधी हात पुसतात एवढंच होतं, पण ते त्यांनी चारदा वाचलं होतं.

"आणि आमची पुस्तकं कधी मिळणार?" मागून कुणीतरी विचारलं.

लेकीने उसवलेल्या चौदा पुस्तकांकडे पाहिलं, सुया ओवून ठेवणाऱ्या भाचीकडे पाहिलं, मग मांडीखालच्या हातांकडे पाहिलं. "बाबा तीन दिवसच बसतात," ती सर्वांना म्हणाली. "त्यामुळे वेळ लागेल." मग काकांकडे वळून ती म्हणाली, "आज सुया मी ओवते. पण रोजनिशी चालू ठेवायची हं."

त्या संध्याकाळी काकांनी कोऱ्या कागदांची वही आधी शिवली, मग लिहायला घेतली. निघता निघता डॉक्टर त्यांच्या कानाशी येऊन कुजबुजले होते, "काका, सगळ्यांबद्दल लिहिलंत. माझ्याबद्दल वर्षभरात एक ओळसुद्धा नाही!" त्यांचा चेहरा अगदी केविलवाणा झाला होता.

काकांनी पहिल्या पानावर ठसठशीत अक्षरात लिहिलं, "आज दातांचे डॉक्टर घरी आले. त्यांचे हात अजिबात थरथरत नाहीत."

"एवढंच?" काकू खांद्यावरून डोकावत म्हणाल्या. "आणि बाकीच्या दिवसाचं काय?"

काकांनी जरा विचार केला आणि खाली लिहिलं, "बाकी विशेष काही नाही. बरं वाटलं."