उस्तादांचा मुरलेला आवाज

दिवाणखान्यातला खिडकीजवळचा कोपरा कोणाचा, हा वाद आज मिटणार होता. बायकोला तिथे शिलाई मशीन हवं होतं आणि उस्तादांचा स्नेअर ड्रम लग्नापासून तिथेच ठाण मांडून बसला होता. 'उस्ताद' हे नाव मेव्हण्यांनी थट्टेने ठेवलेलं. ह्यांनी ते मनावर घेतलं. शेवटी ठरलं, जुन्या वाद्यांच्या व्यापाऱ्याला बोलवायचं. ड्रम खरोखर जुना आणि मोलाचा निघाला तर राहील, नाहीतर माळ्यावर जाईल.

उस्तादांना कसली धास्ती? व्यापारी टेकतो न टेकतो तोच त्यांचं व्याख्यान सुरू झालं. अंग अख्खं पितळेचं, कुठेही सांधा नाही, कड्यावर कारखान्याचा जुना छाप. आणि सगळ्यात पक्का पुरावा म्हणजे आवाज. त्यांनी काठी मारली. ढब्ब.

"नवा ड्रम कडकडतो. हा मुरलाय. पितळ पिकल्याशिवाय असा आवाज येत नाही."

व्यापाऱ्याने भिंगातून छाप पाहिला, अंगावरून बोट फिरवलं आणि समाधानाने मान डोलावली. आता मशीन विसर, अशा नजरेने उस्तादांनी बायकोकडे पाहिलं. मग व्यापाऱ्याने ड्रम उलटा केला.

"साहेब, ह्याच्या तारा कुठायत? खालच्या तारांमुळेच हा कडकडतो. त्यांच्याशिवाय नुसता डबा आहे हा."

उस्तादांच्या तोंडचं पाणी पळालं. इतक्या वर्षांत ड्रम उलटा करून बघायचं त्यांना कधी सुचलंच नव्हतं. बायको शांतपणे उठली आणि शिवणाच्या डब्यातून फडक्यात गुंडाळलेल्या तारा घेऊन आली. मुलगी तान्ही असताना ह्यांचा रियाज सुरू झाला की दचकून उठायची, म्हणून हिनेच त्या काढल्या होत्या. ह्यांच्या लक्षात आलं की परत लावू, असं तिने ठरवलं होतं. मुलगी आता कॉलेजात होती.

व्यापाऱ्याने तारा बसवून एक फटका मारला. कपबशा थरथरल्या, शेजारचं कुत्रं भुंकायला लागलं.

"अस्सल आहे, तेही मूळ तारांसकट! असा सहसा मिळत नाही. जपा."

उस्तादांना अगदी गहिवरून आलं. बायको शब्दाला जागली. मशीन आतल्या खोलीत ठेवते म्हणाली. मात्र व्यापारी जिना उतरताच तिने ड्रम उलटा केला आणि सफाईने तारा सोडवल्या.

"कोपरा तुमचा. तारा माझ्याकडे."

रविवारी मेव्हणे आले. उस्तादांनी सगळ्यांना कोपऱ्यात उभं केलं, ड्रम अस्सल ठरल्याचं ऐकवलं आणि काठी मारली. ढब्ब.

"ऐकलंत?" ते म्हणाले. "मुरलाय."