भिंती गेल्या, सपाता राहिल्या

"यापुढे आपल्या शाळेत भिंत नावाची वस्तू राहणार नाही!"

कुरामोची सर असं म्हणाले आणि शिक्षकांच्या खोलीत अकरा चहाचे पेले अकरा तोंडांपाशी थबकले. वाक्य धाडसी होतंच. पण धक्का वाक्याचा नव्हता, आवाजाचा होता. चौतीस वर्षांच्या नोकरीत सर इतक्या मोठ्याने कधी बोललेच नव्हते. "जरा खिडकी लावता का?" हे त्यांचं आजवरचं सगळ्यात जहाल भाषण, आणि तेही ते बहुधा खिडकीलाच उद्देशून करत.

पण वेळच तशी आली होती. डोंगरातल्या हिनोसावा गावच्या प्राथमिक शाळेत मुलं उरली होती एक्केचाळीस. एप्रिलपासून ही शाळा बंद करून मुलांना बसने घाटापलीकडच्या शाळेत धाडायचं, असं वर शिजत होतं. बर्फाच्या दिवसांत त्या घाटातून बस जाते म्हणण्यापेक्षा घसरते म्हणणं बरोबर. एकच आशा होती. फेब्रुवारीत शिक्षण मंडळाची समिती येणार होती. शाळेने 'भविष्याची शाळा' होऊन दाखवली आणि ती समितीला पसंत पडली, तर शाळा वाचणार.

कुरामोची सर उपमुख्याध्यापक. ते याच शाळेत शिकले, इथेच नोकरीला लागले, आणि शाळेच्या ग्रंथालयातल्या पुस्तकांवर त्यांनी माणसांपेक्षा जास्त माया केली. आपल्याला काही जमतं यावर त्यांचा फारसा विश्वास नव्हता. पण पुस्तकाला सगळं जमतं यावर होता. म्हणून त्यांनी भविष्याच्या शाळांवरची सतरा पुस्तकं मागवली, सतराही वाचली आणि ब्याण्णव पानांचा आराखडा लिहिला. भिंती नकोत, दारं नकोत, उंचसखल काही नको. सगळं सामान चाकांवर. मुलांनी वाटेल तिथे बसावं, वाटेल ते ढकलत न्यावं, आणि शिकावं!

रीतीप्रमाणे आराखड्याची फाइल सगळ्यांकडे फिरली. प्रत्येकाने वाचायची आणि आपला शिक्का उठवायचा. धाकट्याचा शिक्का थोरल्याच्या शिक्क्याकडे जरासा झुकलेला हवा, म्हणजे कागदावरसुद्धा नमस्कार झाला पाहिजे. चाळीस मिनिटांत फाइल परत आली. अकराही शिक्के अगदी अदबीने झुकलेले! पानं मात्र एकमेकांना जशी चिकटलेली गेली, तशीच चिकटलेली परतली.

फाइल खरोखर वाचली ती एकाच माणसाने, आणि त्याच्या शिक्क्याला त्या कागदावर जागाच नव्हती. ते म्हणजे शाळेचे शिपाई, तोकुजी मामा.

"सर, आराखडा झकास आहे," मामा म्हणाले. "फक्त एवढं सांगा, बूट कुठे काढायचे?"

"म्हणजे काय मामा? दारात!"

"दार तुम्ही काढलंय. पान चौदा."

"मग पायरीपाशी."

"पायरी पान पंधरावर बुजवलीय. तिथे उतार केलाय."

"मग... बुटांच्या कपाटापाशी!"

"त्याला चाकं लावलीत. कपाट थांबेल तिथे काढायचे की ते चालू असताना?"

सरांच्या कपाळावर फेब्रुवारीत घाम आला. त्यांनी सतराही पुस्तकं पुन्हा चाळली. हवा, उजेड, खेळ, यंत्र, संगणक, सगळं होतं. बुटांबद्दल अक्षर नव्हतं! असणार कसं? सतराही लेखक समुद्रापलीकडचे. ती माणसं सकाळी बूट चढवतात ते रात्री अंथरुणाच्या काठाशी उतरवतात.

आणि आता मागे फिरायची सोय नव्हती. सुट्टीच्या दोन दिवसांत सुताराने काम उरकलं होतं. सरकती दारं उचलून कोठारात, मधले पडदे-भिंती कोठारात, पायरीच्या जागी गुळगुळीत उतार.

दुसऱ्या दिवशी सकाळी अख्खी शाळा बर्फात उभी! एक्केचाळीस मुलं, अकरा शिक्षक, सगळे प्रवेशापाशी असे खोळंबले, की जणू नदी आहे आणि नावाडी पळालाय. आत जायला आडकाठी काहीच नव्हती. तीच तर अडचण होती!

"कुरामोची सर," मुख्याध्यापिका उबुकाता बाई दात वाजवत म्हणाल्या, "तुमच्या पुस्तकात काय म्हटलंय?"

"पुस्तकात... ते तसेच जातात."

"बुटांसकट?" बाईंनी असं विचारलं, जणू सर म्हणाले होते की ते लोक कपडे न घालता जातात.

लगेच बैठक भरली. अर्थात बर्फातच. ठरलं असं, की जमिनीवर रंगीत पट्ट्या चिकटवायच्या. लाल पट्टी आली की बाहेरचे बूट काढून आतले घालायचे. निळी आली की आतले काढून व्यायामाचे घालायचे. पिवळी आली की तेही काढून शौचालयाच्या सपाता.

"निळी पट्टी इथून हवी," व्यायामाचे गोंदो सर म्हणाले.

"तिथे माझा पहिलीचा वर्ग आहे!" मिनेगिशी बाई म्हणाल्या.

"वर्ग? मला भिंत दिसत नाही बाई."

"भिंत नसली म्हणून काय, मी तर दिसते ना!"

दुपारपर्यंत जमीन अशी दिसू लागली, की एखाद्या कोळ्याने ताप चढल्यावर जाळं विणलंय. पहिलीतली एक मुलगी खडू आणायला निघाली ती वाटेत सात वेळा बूट बदलून पोचली, तोवर तास संपला होता. पण शाळा चालू झाली! कुरामोची सरांना वाटलं, जमतंय. आयुष्यात त्यांना असं जेव्हा जेव्हा वाटलं होतं, तेव्हा तेव्हा काहीतरी पडलं होतं.

समिती आली तो दिवस उजाडला. पाच माणसं. अध्यक्ष सेकिगुची साहेब, वय सत्तरीच्या पुढे, चेहरा गोठलेल्या तळ्यासारखा. लाल पट्टीपाशी त्यांनी बूट काढले, पाहुण्यांच्या तपकिरी सपाता घातल्या आणि चालू लागले. शाळा बघून झाल्यावर त्यांनी शौचालयाची चौकशी केली. गोंदो सर धावले. साहेबांच्या पुढ्यात वाकून त्यांनी हिरव्या रबरी सपाता नीट टोकं आतल्या बाजूला करून मांडल्या. साहेब तपकिरीतून हिरव्यात गेले आणि आत शिरले.

इथवर सगळं ठीक होतं. पण ओल्या रबरी सपातांनी पिवळी पट्टी सुटली होती. ती एका कपाटाच्या चाकाला चिकटली आणि मुलांनी ते कपाट ढकलत ग्रंथालयाकडे नेलं. गोंदो सर पट्टीमागे धावले. चाकांत येतात म्हणून मुलांनी उचलून ठेवलेल्या साहेबांच्या तपकिरी सपाता त्याच कपाटावर बसून निघून गेल्या. साहेब बाहेर आले तेव्हा समोर दार नाही, पट्टी नाही, माणूस नाही, सपाता नाहीत. सपाता बदलायची सवय माणसाला नसते हो, ती दाराला असते. दार आठवण करून देतं, आपण बदलतो. साहेब सरळ चालत आले आणि पहिलीच्या वर्गात मधोमध खुर्चीवर बसले. पायात हिरव्या सपाता! पुढच्या टोकांवर पांढरी टपोरी अक्षरं, उजव्या पायात 'शौचालय', डाव्या पायातही 'शौचालय'.

अख्खा वर्ग गोठला. हिनोसावात माणसाने चोरी केली तर लोक म्हणतात, परिस्थिती असेल. पण शौचालयाच्या सपाता घालून जो बाहेर आला, त्याच्या नातवाच्या लग्नातसुद्धा ती गोष्ट निघते!

पहिलीतल्या एका मुलीने हात वर केला. "बाई, त्या आजोबांनी—"

"चला, गाणं म्हणू या!" मिनेगिशी बाई किंचाळल्या.

एका बाजूला शिक्षकांची कुजबूज सुरू झाली.

"सांगा ना कुणीतरी," उबुकाता बाई म्हणाल्या.

"तुम्ही मुख्याध्यापिका आहात," गोंदो सर म्हणाले.

"तुम्ही मांडल्यात सपाता!"

"मी आत जाताना मांडल्या. बाहेर येतानाचं खातं माझ्याकडे नाही."

सगळ्यांचे डोळे कुरामोची सरांकडे वळले. सांगावं तर पाहुण्याची शोभा, आणि शोभा झालेला पाहुणा शाळा वाचवेल? न सांगावं तर साहेब कधीतरी खाली बघणारच, आणि तेव्हा काय? एकाएकी सरांना वाटलं, माणूस एकटा असतो तेव्हाच लाजतो. एकटं राहायचं नाही!

ते हळूच गेले आणि शौचालयातल्या हिरव्या सपाता घालून आले. त्यांच्या मागोमाग उबुकाता बाई. मग गोंदो सर. समितीतले बाकीचे चौघे हे सगळं बघत होते. अध्यक्षांच्या पायात जे आहे ते आपल्या पायात नसणं हाही अपमानच! "शौचालय कुठे आहे हो?" म्हणत एकेक जण उठला आणि एकेक जण हिरवा होऊन परतला. साठा होता फक्त आठ जोड्यांचा. उरलेल्या शिक्षकांसाठी तोकुजी मामांनी पाहुण्यांच्या जादा सपाता आणल्या आणि कपाटामागे बसून कुरामोची सरांनी आपल्या सुरेख अक्षरात, पांढऱ्या रंगाने, घाईघाईने प्रत्येकीवर 'शौचालय' लिहिलं. चौतीस वर्षं त्यांचं अक्षर शाळेत वाखाणलं जात होतं. त्याचा असा उपयोग होईल, असं कुणाला वाटलं नव्हतं!

गाणं संपलं. साहेबांनी मान खाली केली.

त्यांचा चेहरा आधी पांढरा झाला, मग लाल, मग मुळ्याच्या पाल्यासारखा हिरवा. त्यांनी सावकाश डावीकडे बघितलं. हिरव्या सपाता. उजवीकडे. हिरव्या सपाता! मागे, पुढे, भिंती नसलेल्या त्या शाळेत जिथवर नजर जाईल तिथवर, शौचालय, शौचालय, शौचालय!

"ही..." साहेबांनी घसा खाकरला. "ही इथली पद्धत आहे?"

आणि जन्मात कधी खोटं न बोललेले कुरामोची सर पुढे झाले.

"हो साहेब. भविष्यात हा वर्ग आणि ते शौचालय असा भेद राहणार नाही. आम्ही सगळ्या सीमा पुसल्यात!"

उबुकाता बाईंनी डोळे मिटून घेतले. मग गोठलेलं तळं तडकावं तसा त्यांचा चेहरा तडकला, आणि आतून हसू बाहेर आलं.

"चाळीस शाळा बघितल्या मी," ते म्हणाले. "सगळ्यांनी भिंती पाडल्या. पण मनातली भिंत पाडायची हिंमत तुम्हीच केलीत!"

मार्चच्या शेवटी पत्र आलं. शाळा राहणार! उबुकाता बाई रडल्या, गोंदो सर रडले. पत्राची फाइल रीतीप्रमाणे फिरली. कुरामोची सरांचे डोळे इतके भरून आले होते, की चौतीस वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी दुसरं पान न उलटता शिक्का उठवला. झुकलेला, अदबीने.

दुसरं पान वाचलं ते, अर्थातच, तोकुजी मामांनी.

"सर, यात अट आहे. ती सपातांची थोर परंपरा वर्षभर अखंड पाळायची. साहेब दर महिन्याला बघायला येणार. तुम्ही सगळ्यांनी कबूल केलंय, शिक्के आहेत." मामांनी प्रवेशापाशी पडलेल्या मोठ्या खोक्याकडे बोट दाखवलं. "आणि ही साहेबांची भेट."

खोक्यात शंभर जोड हिरव्या सपाता होत्या. कोऱ्या. अक्षरं सोनेरी.

"माझं काही म्हणणं नाही," मामा म्हणाले. "शाळा वाचली, आनंद आहे. फक्त एवढं सांगा सर, आता शौचालयात जाताना कोणत्या घालायच्या?"

कुठेतरी कोपऱ्यात जाऊन तोंड लपवावं म्हणून कुरामोची सर वळले; पण शाळेत एकही भिंत उरली नव्हती.