आमटीवरची फुंकर

चाळीस वर्षं मी पहिलीचा वर्ग सांभाळला. रडणारी, चावणारी, पाटी फेकणारी सगळी पोरं माझ्या हाताखालून गेली आणि एकावरही मी आवाज चढवला नाही! म्हणून सुनेनं, आदितीनं, राजारामपुरीतल्या दवाखान्यात पुन्हा नोकरी धरायची ठरवली आणि नातवाला पाळणाघरात घालायचा विषय काढला, तेव्हा मी हसलोच.

"अगं, घरात मी असताना पाळणाघर?"

"अण्णा, अनेकांत चार वर्षांचा आहे. हट्टाला पेटला की तुम्हाला आवरणार नाही."

नाव अनेकांत, पण पोराचा हट्ट नेहमी एकच! तरी मी तिला समजावलं. "राग आधी अंगात येतो, मग डोक्यात. छाती धडधडते, कान तापतात, मुठी वळतात. 'जरा दम धर' असं सांगणारा मेंदूचा भाग या वयात स्लॅब न पडलेल्या घरासारखा असतो. त्यात पोर भुकेलं असलं की संपलंच! अशा वेळी मोठ्या माणसानं आपली शांती त्याला उसनी द्यायची."

"बरं. उद्या संध्याकाळी मी दवाखान्यात जाऊन येते. तुम्ही दोघंच राहा. मग ठरवू."

म्हणजे परीक्षा! नापास झालो, तर माझ्या दुपारी पुन्हा भिंतीवरच्या घड्याळाकडे बघण्यात जाणार. पण मी कसला नापास होतोय!

दुसऱ्या दिवशी पावणेसहाला ताटं वाढली. आम्ही जैन, सूर्य मावळल्यावर मी अन्न सोडा, पाण्याचा थेंबही घेत नाही. कॅलेंडरात सूर्यास्त सहा वाजून आठ मिनिटांनी होता. भरपूर वेळ होता. मी प्रेमानं अनेकांतची भाकरी मोडून दिली.

"मोडलीऽऽ! मला अख्खी पायजे!"

"ही घे दुसरी, अख्खी."

"ती न्हाय! हीच अख्खी कर!"

मोडलेली भाकरी जोडायची विद्या चाळीस वर्षांत मला कुणी शिकवली नव्हती. पोरगं फरशीवर आडवं झालं आणि टाचा आपटायला लागलं. मी डगमगलो नाही. उपदेश करायचा नाही, आवाज खाली, आणि आपण पोराच्या डोळ्यांच्या उंचीला! मी फरशीवर बसलो. दोन्ही गुडघे फटाक्यांसारखे वाजले.

"राग आलाय व्हय? येऊ दे. मी हितंच बसलोय."

थोड्या वेळानं किंचाळणं हुंदक्यांवर आलं. मग मी आमटीची वाटी पुढे केली. "गरम आहे रे. फुंकर मार बघू. फूऽऽ! लांब मारायची."

आठ-नऊ फुंकरांत त्याचे खांदे खाली आले आणि मुठी सुटल्या. जिंकलो! इथेच उठून जेवायचं होतं. पण मास्तर माणूस, एक धडा संपला की पुढचा घेतोच! मी उताणा झोपलो, पोटावर त्याचा खेळण्यातला उसाचा ट्रॅक्टर ठेवला आणि डोळे मिटले.

"बघ, श्वास घेतला की ट्रॅक्टर घाटावर. सोडला की खाली. फूऽऽऽ!"

नेमक्या याच वेळी शेजारच्या रत्नव्वा डबा परत द्यायला आल्या.

"अयव्वो! गुर्जी पडले की!" डबा खणखणत खाली गेला. "आज्जाला काय झालं रं?"

अनेकांत आता अगदी शांत होता. त्यानं खरं तेच सांगितलं. "आज्ज्यानं भाकरी मोडली. मग खाली बसला. मग आडवा झाला. मग फूऽ फूऽ करायला लागला."

"घास अडकला! अवो, पळा की!"

"रत्नव्वा, मला काही..."

"गप पडा! बोलू नगासा! धाप वाढंल!"

त्यांचे मालक सोमशेखर धावत आले आणि त्यांनी माझे पाय दाबून धरले. रत्नव्वांनी आदितीला फोन लावला आणि आपल्या घरातून कांदा आणून, फोडून माझ्या नाकाला लावला. ज्या घरात तीस वर्षं कांदा शिरला नाही, तिथे तो एकदम नाकात! डोळ्यांतून धारा लागल्या.

"बघा, कळा यायल्यात त्यास्नी!"

"कांदा काढा! मला जेवायचंय!"

"भरमिटल्यागत, येड्यागत बोलायल्यात वो!"

घड्याळात सहा वाजून पाच. सात. खिडकीतलं ऊन भिंतीवरून चढलं, छतापाशी थांबलं आणि गेलं. माझी भाकरी ताटात तशीच! आता सकाळपर्यंत उपास!

आणि माझी छाती धडधडली. कान तापले. मुठी वळल्या.

"सोडाऽऽ मला!" मी ओरडलो. सोमशेखरांच्या हातून पाय सोडवून घेतले आणि टाचा फरशीवर आपटल्या. ट्रॅक्टर उडून आमटीत पडला. मान वळवली, तर दारात आदिती!

तेवढ्यात अनेकांत माझ्या डोक्याशी येऊन बसला आणि हळू आवाजात म्हणाला, "आज्जा, राग आलाय व्हय? येऊ दे. मी हितंच बसलोय."

त्यानं वाटीतला ट्रॅक्टर काढला आणि गार आमटी माझ्यापुढे धरली. "फुंकर मार. लांब."

मी मारली. खोटं कशाला सांगू, पाचवीलाच खांदे खाली आले.

रत्नव्वा कांदा पदरात लपवून निघून गेल्या. आदितीनं फरशी पुसली. मग ती म्हणाली, "अण्णा, पाळणाघर नको. घरीच ठीक आहे."

माझी मान ताठ झाली. "बघ, मी म्हणत नव्हतो?"

"हो. अनेकांत असल्यावर तुमची काळजी नाही. फक्त तुम्हाला साडेपाचला जेवायला बसवायचं, एवढं मी त्याला सांगून ठेवलंय."

दुसऱ्या दिवशी बरोबर साडेपाचला त्यानं मला हाताला धरून पाटावर बसवलं आणि मोठ्या मायेनं माझी भाकरी मोडून दिली.

मला अख्खी हवी होती. पण मी आमटीची वाटी उचलली आणि फूऽऽ केलं.