झोपेचे माप

शनिवारी सकाळी रुचिताने लॅपटॉप उघडला आणि हातातला चहा तसाच राहिला. टेबलावरची साबणाएवढी डबी रात्रभर झोपायला हवी होती. ती धड झोपलीच नव्हती.

ही डबी सिलतऱ्याच्या एका कारखान्यातल्या मोटारीवर बसायची होती. दर पंधरा मिनिटांनी जागे व्हायचे, मोटार किती तापली ते शेजारच्या डबीला बिनतारी कळवायचे आणि पुन्हा झोपायचे, एवढेच तिचे काम. एका सेलवर ती दोन वर्षे चालली तर कारखाना अशा साठ डब्या घेणार होता. डबी किती वीज खाते याचा अठ्ठेचाळीस तासांचा कागद सोमवारी अकरा वाजता तिथे ठेवायचा होता. आठ महिन्यांच्या नोकरीत एकट्या रुचितावर सोपवलेले हे पहिलेच काम. तेलीबांध्याचे ऑफिस शनिवार-रविवार बंद, म्हणून तिने मीटर, डबी, तारा सगळे ब्राह्मणपाऱ्यातल्या घरी आणून मागच्या खोलीत मांडले आणि वर ‘कुणीही हात लावू नये’ असा कागद चिकटवला.

आणि आता लॅपटॉप सांगत होता की सेल साडेचार महिन्यांत संपेल.

विजेच्या आलेखाची रेघ तिने नीट पाहिली. पंधरा मिनिटांचे बारीक काटे ठीक होते. पण दर तासाला, अगदी ठोक्याला, एक टेकाड उभे होते. म्हणजे प्रोग्रॅममध्येच खोट. प्रोग्रॅम ऑफिसातल्या यशदीपने लिहिला होता आणि यशदीप दुर्गला चुलत बहिणीच्या साक्षगंधाला गेला होता. तिने त्याला फोनवर झाडले. तो म्हणत राहिला, “दीदी, घंटे वाला मैंने कुछ डाला ही नहीं.” तरी बिचाऱ्याने मंडपाच्या कोपऱ्यात बसून, पुरी तोंडात धरून, सगळे पुन्हा तपासले आणि दुपारी नवा प्रोग्रॅम पाठवला. मापात खंड न पाडता तिने तो डबीत भरला. रविवारी सकाळी टेकाडे होती तिथेच होती.

मग रुचिताने तारा बदलल्या. पुढच्या खोलीतल्या फ्रिजचा त्रास असेल म्हणून फ्रिज बंद केला, तर आईचे, कलावतीबाईंचे, दूध नासले. शेजाऱ्यांना वायफाय बंद करायला लावले, तर त्यांच्या घरची मॅच थांबली आणि ते तिच्याशी बोलेनासे झाले. तिचे वरिष्ठ लोकेश सर, त्यांचा तीनदा फोन आला. तिसऱ्यांदा त्यांनी थंडपणे सांगितले की जमत नसेल तर आत्ताच कळव, कारखान्याला मी नाही म्हणून टाकतो, आणि पुढचे कामही मग दुसऱ्याला देतो.

ती पुन्हा रेघ बघत बसली, तेव्हा एक गोष्ट ध्यानात आली. शनिवारी दुपारी दोन आणि तीनचे टेकाड नव्हते. आजही नव्हते. दुपारची वामकुक्षी घेणारा बिघाड तिने कुठल्याच पुस्तकात वाचला नव्हता. शेवटी दाराआड खुर्ची ओढून ती नुसती पहारा देत बसली.

बरोबर पाचला तिचे वडील नत्थूजी आत आले. चष्मा लावला, खिशातून डायरी काढली, पेन्सिलीच्या टोकाने डबीवरचे बटन दाबले. हिरवा दिवा लुकलुकला. त्यांनी समाधानाने मान हलवून डायरीत काही लिहिले आणि खाली सही केली.

“बाबा, काय करून राहिले तुम्ही?”

“रीडिंग घेऊन राहिलो. तू एवढं मीटर लावलं अन् एका घंट्याची रीडिंग नाही घेतली. असं चालते काय?”

“त्या कागदावर काय लिवलं हाय?”

“हात लावू नये. म्या कुठं लावला? पेन्सिलनं दाबलं.”

नत्थूजींनी सिलतऱ्यातच दुसऱ्या एका कारखान्याच्या पॉवर हाऊसमध्ये एकतीस वर्षे दर तासाला रीडिंग घेतली होती. निवृत्त झाले तरी हात थांबला नव्हता. रात्रीसाठी त्यांनी अलार्म लावला होता. कलावतीबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या की दोन रात्री आपल्यालाही झोप नाही, पण वाटले पोरीनेच काम सांगितले असेल.

रुचिताने डोके धरले. ते बटन डबी बसवणाऱ्या फिटरसाठी होते. ते दाबले की डबी जागी होऊन मिनिटभर आजूबाजूच्या डब्यांना हाका मारत असे. घरात दुसरी डबीच नव्हती, त्यामुळे ती जीव तोडून हाका मारी.

“बाबा, तिले झोपू द्याचं असते. मी तिच्या झोपेचंच माप घेऊन राहिली.”

नत्थूजींनी तिच्याकडे दयेने पाहिले. “ड्युटीवर झोपते तिचं काय माप घ्याचं? आमच्याकडे चार्जशीट देत.”

पुन्हा मोजायला वेळ नव्हता. तिने वडिलांची डायरी समोर घेतली, मिनिटाला मिनिट जुळवत एकेक टेकाड वजा केले. उरलेल्या विजेच्या हिशेबाने सेल दोन वर्षे आणि वर दोन महिने चालत होता. पण तेवढाच आकडा पाठवायला मन होईना. तिने टेकाडांची आणि टेकाडांविना, दोन्ही रेघा छापल्या.

सोमवारी कारखान्यात मेंटेनन्सच्या साहेबांनी नेमके टेकाडांवर बोट ठेवले. रुचिताने मान खाली घालून सगळे सांगितले, पॉवर हाऊससकट. साहेब हसले नाहीत. खिडकीतून यंत्रांच्या शेडकडे बघत म्हणाले, “बेटा, मेरे यहाँ तीनों शिफ्ट में ऐसे चालीस पापाजी हैं. बटन हटाइए, फिर साठ भेजिए.”

लोकेश सरांनी त्याच संध्याकाळी बटन काढलेली डबी तिच्या हातात दिली आणि घरीच तीन दिवस मोजायला सांगितले. नत्थूजींनी ती उलटी-सुलटी करून पाहिली. त्यांचा चेहरा पडला.

“मंग हे जिती हाय का मेली, मानसाले कसं समजन?”

रुचिता खुशीत होती. खुशीत माणूस नको ते करतो. तिने सांगितले की डबी दर पंधरा मिनिटांनी शेजारच्या डबीला धाडते तो निरोप मोबाइललाही पकडता येतो, आणि तसे त्यांच्या मोबाइलवर जोडूनही दिले.

गुरुवारी बारीक काटे सोडले तर डबीची रेघ तळ्याच्या पाण्यासारखी सपाट होती. रुचिता कागद छापत असताना नत्थूजी दर पंधरा मिनिटांच्या निरोपांनी भरलेली डायरी काखेत घेऊन आले आणि विझलेला मोबाइल त्यांनी तिच्यापुढे ठेवला. दुपारचे जेमतेम बारा वाजले होते.

“याले लाव तुझं मीटर,” ते म्हणाले. “तीन दिवसांत चौथ्यांदा मेला. तुझी डबी चांगली हाय, पोरी. हा लय खाते.”