गावंडेकाका आणि पाण्याचं माहेर

गावंडेकाका सहकुटुंब कुठे निघाले की दोन वाहनं निघतात. पुढे काकांची पांढरी जुनी गाडी, तीत एकटे काका; मागे ऑटो, त्यात एकट्या सुमनकाकू. नवीन माणसाला वाटतं, भांडण झालं असावं. तसं काही नाही. सिग्नलला ऑटो गाडीच्या बाजूला येऊन थांबतो, काका काच खाली करतात, काकू पर्समधून बडीशेपेची डबी काढून देतात आणि दिवा हिरवा झाला की दोघं आपापल्या वाहनाने पुढे जातात. एकोणीस वर्षं हे असंच चाललंय. आमच्या लेआउटमधल्या शेजाऱ्यांना आता त्याचं काही वाटत नाही. मला वाटायचं, पण मी मुळात चिडका माणूस आहे.

काका कोराडीच्या वीज केंद्रातून रिटायर झाले. सगळी नोकरी तापलेलं पाणी थंड करण्यात गेली, आणि ते काम त्यांनी घरी आणलं. रोज सकाळी सहाला फिरायला निघतात ते नावापुरतंच. खरं म्हणजे ते प्रत्येक गाडीपुढे वाकतात आणि खाली ओल दिसते का ते बघतात. नमस्कार, रामराम असलं काही नाही. समोर माणूस दिसला की एकच प्रश्न, "पाणी पाह्यलं का गा?"

माझे सासरे वारले तेव्हा काका भेटायला आले. दहा मिनिटं मान खाली घालून बसले, आणि उठताना माझ्या खांद्यावर हात ठेवून हळूच म्हणाले, "सुधाकर, उद्या अस्थी घेऊन रामटेकले जाशीन. पाणी पाहून घेजो." माझी बायको पदर तोंडाला लावून आत पळाली. ती रडली की हसली, हे मी तिला अजून विचारलेलं नाही.

एकदा मी बॉनेट उघडून काच पुसायचं पाणी भरत होतो, तर काका मागे येऊन उभे. सुटका नव्हती. "हे पाह्य," त्यांनी सुरू केलं, "इंजिन तापते, तं त्याच्या पोटातून पाणी फिरते. तिथली गरमी घेऊन समोरच्या जाळीत येते, हवा लागली की थंड होते, पुन्हा आत जाते. दिवसभर हेच. आता मले सांग, पाणी तापलं की काय होते?"

"वाफ?" मी म्हटलं.

"भैताड. फुगते. वाफ तं मग होते. फुगलेलं पाणी जाईन कुठं?" आणि त्यांनी कोपऱ्यातल्या पांढरट प्लास्टिकच्या टाकीवर टिचकी मारली. "हे पाण्याचं माहेर. तापलं की इथं येते, घडीभर बसते, थंड झालं की आपल्या घरी परत जाते. म्हणून इथं दोन रेघा. वरच्या रेघेच्या वर थेंब नाही भरायचा. माहेर गच्च भरून ठेवलं, तं पोरीनं बसावं कुठं?"

मी मान डोलावली. कळलं होतं असं नाही, पण ऑफिसला उशीर होत होता.

आणि शेवटी ते नेहमीचं आलंच. बोट वर करून, आवाज एकदम खाली आणून म्हणाले, "गरम इंजिनच्या पाण्याचं झाकण उघडायचं नाही. देव जरी येऊन म्हणाला तरी नाही."

हे एवढं का, ते मला बायकोकडून कळलं आणि बायकोला काकूंकडून. एकोणीस वर्षांपूर्वी काकूंच्या भावाचं लग्न होतं. भर उन्हात बुटीबोरीच्या पुढे गाडी तापून उभी राहिली. काकू म्हणाल्या, थांबा थोडं. काका म्हणाले, तुले काय समजते, मी रोज हेच काम करतो. आणि उघडलं झाकण. काका बाजूला झाले. काकू त्यांच्या डोक्यावर छत्री धरून उभ्या होत्या. उकळतं पाणी काकूंच्या उजव्या हातावर आलं, मनगटापासून कोपरापर्यंत. काकू त्यावरून काकांना नंतर कधी एका शब्दाने बोलल्या नाहीत. दवाखान्यातून सुटल्या त्या दिवशी मात्र काका गाडीचं दार उघडून उभे असताना त्यांनी ऑटोला हात केला. तेव्हापासून काका समोरची सीट रोज पुसतात. तिथे कोणाला बसू देत नाहीत, भाजीची पिशवीसुद्धा मागे ठेवतात. हे ऐकल्यावर मी त्यांच्यावर चिडायचं सोडलं. म्हणजे कमी केलं.

आता माझ्या भाच्याच्या, निखिलच्या लग्नाकडे येतो. मे महिना, गोरज मुहूर्त, कोराडी रोडवरचं लॉन. नवरदेवाची गाडी माझी, चालवणार मी. मामा आहे ना. सकाळी फुलवाला यायच्या आधी मी बॉनेट उघडलं, तर टाकीत पाणी अर्ध्यावर दिसलं. आता सांगा, आपल्यात शुभकार्याला कोणी अर्धं भांडं ठेवतं का? कलश भरलेला, ओटी भरलेली, पाहुण्याचा पेलाही भरलेला. कूलर भरायचा पाइप चालूच होता. लावला आणि टाकी काठोकाठ भरली, झाकण घट्ट आवळलं. वरून कुंकवाचं बोट लावलं. इतकं समाधान वाटलं, काय सांगू.

साडेचारला वरात निघाली. पुढे बँड, मग नाचणारे पोट्टे, मग माझी गाडी, मग गावंडेकाकांची, आणि तिच्या मागे काकूंचा ऑटो. गाडीचा वेग मुंगीचा, एसी फुल्ल, समोरून हवा म्हणून नाही. सगळ्यांच्या मागे कोळशाचे ट्रक हॉर्न वाजवत होते. अर्ध्या तासाने तापमानाच्या काट्याकडे लक्ष गेलं, तो वर चढत होता. तेवढ्यात काचेवर थाप पडली. काका धावत आले होते.

"तुह्या गाडीतून धार लागून राहिली! एसी बंद कर, हीटर फुल्ल!"

"काका, मे महिना आहे," मी म्हटलं.

"इंजिनची गरमी आत घे म्हणतो ना. लाव."

लावला. मागे निखिल शेरवानीत, फेट्यात, मुंडावळ्यांत. अर्ध्या मिनिटात तो म्हणाला, "मामा, मी चालत येतो." मी म्हटलं, नवरदेव चालत येत नसतो, बस. काटा जरा थबकला आणि पुन्हा चढला. बॉनेटमधून वाफ आली. काका ओरडले, "बंद कर!" आणि वरात उभी राहिली.

मग जे होतं ते झालं. प्रत्येक पाहुण्याला इंजिनातलं कळत होतं. एकाने कोकाटून सांगितलं, झाकण काढा. दुसरा सरबताच्या ड्रममधलं बर्फाचं पाणी घेऊन आला. निखिलला काकांच्या गाडीत बसवू म्हटलं, तर माझी बहीण कडाडली, "सजवलेल्या गाडीतून नवरदेव अर्ध्या रस्त्यात उतरत नसतो. अपशकुन आहे. अन् मुहूर्त निघून चालला. उघडा ते झाकण!"

काकांनी बॉनेट उघडलं आणि त्याकडे पाठ करून, दोन्ही हात पसरून उभे राहिले. सत्तर वर्षांचा माणूस, अंगावर इस्त्रीचा पांढरा शर्ट, आणि शंभर माणसं अंगावर आलेली.

"थांबा थोडं, बाई," ते माझ्या बहिणीला म्हणाले.

"किती थांबायचं?"

"थंड होईपर्यंत. गोरज गेला तं गुरुजी दुसरा काढतीन. हात जळला तं दुसरा भेटत नाही."

बहीण पदराने वारा घेत बाजूला झाली. तेव्हा मला दिसलं, काकू ऑटोतून उतरून गर्दीच्या कडेला उभ्या होत्या. उजवा हात पदरात होता. काकांनी त्यांना पाहिलं आणि म्हणाले, "दूर राह्य वं, अजून दूर." काकू दोन पावलं मागे झाल्या, पण ऑटोत परत गेल्या नाहीत.

बँडवाल्यांना काकांनीच सांगितलं, वाजवा. पोट्टे पुन्हा नाचायला लागले. निखिल दार उघडं टाकून बसला, कोणीतरी लग्नपत्रिकेने त्याला वारा घालू लागलं. पंचवीस मिनिटं काका हलले नाहीत. मग त्यांनी सगळ्यांना मागे सरकवलं, जाड फडकं ओलं करून झाकणावर ठेवलं, तोंड बाजूला केलं आणि झाकण पाव फेरा फिरवून थांबले. नुसता सुस्कारा आला. तो विरल्यावर झाकण निघालं. टाकीखालचा पाइप अर्धवट सुटला होता.

"सुधाकर, काठोकाठ कोणं भरली?"

"शुभकार्य होतं काका," मी म्हटलं. सगळ्या नातेवाइकांपुढे याहून वेगळं काही सुचेना.

"पाण्याले फुगाले जागाच नाही ठेवली गा. त्यानं पाइपच ढकलून देल्ला." त्यांनी पेचकसाने पाइप आवळला, आपल्या डिक्कीतून हिरव्या कूलंटचे दोन कॅन आणले, बरोबर दोन रेघांच्या मध्ये आणून हात थांबवला. "लाव चाबी."

गाडी सुरू झाली. काटा निम्म्यावर येऊन बसला आणि तिथेच राहिला. अहो, काय जल्लोष झाला! बँडवाल्याने ढोल असा बडवला की ट्रकवाल्यांनी पण त्यात हॉर्न मिळवले. पोट्ट्यांनी काकांना खांद्यावर घेतलं, नवरदेव राहिला बाजूला. बहिणीने स्वतःच्या हाताने त्यांना पेढा भरवला. मी तर त्यांच्या पायाच पडलो.

खाली उतरवल्यावर काका शर्ट खोचत आपल्या गाडीकडे वळले, आणि जागीच उभे राहिले. काकूंनी ऑटोवाल्याला हाताने जा म्हटलं होतं. समोरचं दार उघडून त्या गाडीत बसत होत्या, पदर सावरत, जसं काही रोजच बसतात.

"काहून वं?" काका खिडकीशी वाकले. "काय झालं?"

"काही नाही," काकू म्हणाल्या. "आज तुम्ही थांबले. चला."

आम्ही मुहूर्ताला तीन मिनिटं राखून पोचलो. मंगलाष्टकं झाली, अक्षता पडल्या, पंगती बसल्या, आणि गावंडेकाकांचा पत्ता नाही. फोन उचलेनात. मला वाटलं, लोकांच्या गाड्या दुरुस्त करता करता यांचीच कुठे बंद पडली की काय.

पाऊण तासाने दोघं मांडवात आले. काकूंचे केस वाऱ्याने पार विस्कटलेले होते. मी सवयीप्रमाणे चिडलोच, "काका, अक्षता हुकल्या ना तुमच्या. लॉन तर उजव्या हाताला होतं, दिसलं नाही का?"

काकांनी काकूंकडे पाहिलं.

"दिसलं होतं गा," काकू म्हणाल्या. "ते वळवून राहिले होते. मीच म्हटलं, वळवू नका, सरळ जाऊ द्या."