मध कुणी चाटवायचा?

"मुलगी झाली! दोघी ठणठणीत हायत," सिस्टर दानेश्वरीने लेबर रूमच्या दारातून सांगितले, तेव्हा विजयमालाबाईंनी आधी रूपाभवानीला हात जोडले आणि मग कंबर चाचपली. डबी जागेवर होती.

इवलीशी चांदीची डबी, आणि तिच्यात मध. कितीतरी दिवस देव्हाऱ्यात ठेवलेला, रोज पूजेच्या वेळी फूल वाहिलेला. बाळाच्या जिभेला पहिला मध सोन्याच्या अंगठीने लावायचा आणि जो लावील त्याचा स्वभाव बाळाला लागतो, हे त्यांच्या घरात सूर्य उगवण्याइतके पक्के होते. त्यांच्या मुलाला, अमृतला, एका झोपाळू मामाने मध चाटवला होता. आत बायको बाळंत होत असताना अमृत बाहेरच्या बाकावर घोरत होता. याहून वेगळा पुरावा तो काय हवा?

विजयमालाबाईंचे दिवस देवांनी वाटून घेतलेले. सोमवार सिद्धेश्वराचा, मंगळवार रूपाभवानीचा, गुरुवार अक्कलकोटच्या स्वामींचा, आणि उरलेल्या दिवशी काही ना काही नेम. बोलणे इतके हळू की भाजीवालासुद्धा म्हणायचा, "मावशी, देवाशी बोलताय का माज्याशी?"

आज मंगळवार. म्हणजे पोटात अन्न नव्हतेच. त्यातून सून ऋतुजाला आत नेले तेव्हा जिवाची घालमेल होऊन त्या देवीला बोलून बसल्या होत्या, "आई, लेकराच्या पोटात कायतरी जाईस्तवर माझ्या पोटात पाण्याचा थेंब जाणार न्हाय." बोलताना त्यांचा अंदाज अगदी सरळ होता. बाळ येणार, मध चाटवणार, खाली टपरीवर चहा. उपासाला चहा चालतो. नवस कसा, देवीलाही ओझे नको आणि आपल्यालाही. आणि नवस पुरा होईपर्यंत तोंडाबाहेर काढायचा नसतो, म्हणून कुणाला त्याची गंधवार्ता नव्हती.

ऋतुजाला वॉर्डात आणले. बाळ तिच्या छातीवर उघड्या अंगाने पालथे निजले होते, वरून चादर. विजयमालाबाईंनी डबी काढली आणि बोटातली अंगठी सैल केली.

"ते काय हाय?" सिस्टरचे डोळे घारीचे होते.

"मध..."

"काय? मोठ्यानं बोला."

"मध."

"मध न्हाय, पाणी न्हाय, घुटी न्हाय! तान्ह्या लेकराच्या जिवावर बेततं मधानं. फक्त आईचं दूध. ते बी आत्ताच, पहिल्या तासात."

"आता कुठलं दूध? ते तर तिसऱ्या दिवशी उतरतंय की."

"आज पिवळं, चिकट येतंय ना, तेच पाजायचं."

"चीक?" विजयमालाबाईंचा चेहरा आंबट झाला.

"म्हशीच्या चिकाचा खरवस गल्लीभर वाटता की, मावशी. मग ह्या लेकरानं काय घोडं मारलंय?" असे म्हणून सिस्टर दुसऱ्या खाटेकडे वळली.

विजयमालाबाई मटकन स्टुलावर बसल्या. खरवसाचे त्यांना काही वाटले नाही. पण आजच काही येईल यावर त्यांचा विश्वास नव्हता; त्यांना दिसत होता तिसरा दिवस. सोलापूरचा मे महिना, खिडकीबाहेर डांबर पाघळलेले, आणि आपण तिसऱ्या दिवसापर्यंत पाण्याशिवाय! देवीने आपले बोलणे ऐकले होते, पण डबीतला मध काही पाहिलेला दिसत नव्हता.

सिस्टरची पाठ वळली मात्र, ऋतुजाची आई जगदेवी पुढे सरसावली. जगदेवी अक्कलकोटकडची. अंगाने आडवी, मनाने मोकळी, आणि आवाज असा की ती कुजबुजली तरी खालचा वॉचमन वर बघायचा.

"आणा विहीणबाई ती डबी!" ती कुजबुजली. तीन खाटांवरच्या बायकांनी माना वळवल्या. "सिस्टर गेली. एका थेंबानं काय होतंय? मीच चाटवते. पोरगी कशी, वाघीण झाली पायजे!"

"अव्वा, डॉक्टरनी नको सांगितलंय," ऋतुजा खाटेवरून म्हणाली. पण बाळंतिणीचे कोण ऐकते?

विजयमालाबाईंनी डबी मागे ओढली. ही चाटवणार! म्हणजे नात हिच्यासारखी होणार. सकाळी आरती म्हटली तर सात रस्ता चौकापर्यंत ऐकू जाणार. डबी मुठीत घट्ट धरून त्यांनी आयुष्यात क्वचित केलेले काम केले. त्या खोटे बोलल्या.

"आमच्यात बाप्या माणसानंच चाटवायचा असतोय."

"अय्यो! असं असतंय व्हय?"

"असतंय," त्या म्हणाल्या आणि मनात देवीपुढे थोबाडीत मारून घेतली. मंगळवारी खोटे!

पण खोटे बोलले की ते निस्तरायला माणूस लागतो. त्यांनी अमृतला हलवून जागे केले. "ऊठ. कल्लप्पा गुरुजींना घिऊन ये."

"कशाला?"

"मी सांगते म्हणून."

कल्लप्पा गुरुजी शेजारचे. निवृत्त हेडमास्तर. शांत, निर्व्यसनी, एक शब्द मागितला तर अर्धा देणारे. नात अशी व्हावी. जगदेवीसारखी नको, आणि... विजयमालाबाईंनी क्षणभर स्वतःच्या बोटाकडे पाहिले. आपल्यासारखीही नको. सगळ्यांनी दोनदा विचारावे, "काय म्हणालात?" आणि तिसऱ्यांदा कुणी विचारूच नये, असे नको.

अमृत स्कूटरवर गेला. इकडे ऋतुजाने बाळाला कुशीत घेतले. बाळ डोके घुसळत, तोंड उघडत, आपले आपण वाट शोधत होते.

"लागलं का?" विजयमालाबाईंनी हळूच विचारले.

"बघतीये, आत्या."

घशाला कोरड पडली होती. समोरच्या खाटेवर कुणीतरी तांब्यातून घटाघट पाणी पीत होते, आणि तो आवाज त्यांच्या कानात घुमत होता.

"लागलं?"

"आत्या, आत्ता तर तोंड उघडलंय."

"न्हाय, म्हटलं, चुकून एखादा थेंब गेला असंल तर..."

"आत्या!" बाळाने दचकून तोंड सोडले.

"विहीणबाईंना नातीची किती काळजी बघा!" जगदेवीने साऱ्या वॉर्डाला सांगितले. "जीव नुसता टांगणीला लागलाय." हे मात्र खरे होते.

बाळ पुन्हा वाटेला लागते तोच दारात कल्लप्पा गुरुजी उभे राहिले. धोतर, टोपी, हातात पुष्पगुच्छ. त्यांच्यामागे अमृत, आणि अमृतच्या मागे, एसटी स्टँडवर भेटल्या म्हणून स्कूटरवर तिसऱ्या बसून आलेल्या मोडनिंबच्या सारजाबाई, विजयमालाबाईंच्या नणंद. हातात थर्मास.

बाप्या माणूस बघताच ऋतुजाने चादर डोक्यापर्यंत ओढून घेतली. सोलापुरी चादर, मे महिना, आत आई आणि बाळ. दोन श्वासांत बाळाने टाहो फोडला.

"रडतंय कशानं? उपाशी हाय ते!" सारजाबाईंनी थर्मासचे झाकण फिरवले. "वैनी, घरच्या शेळीचं दूध आणलंय. लई हलकं असतंय. एक चमचा पाजू द्या."

"वन्सं, जरा थांबा..." विजयमालाबाई म्हणाल्या. ते सारजाबाईंपर्यंत पोचलेच नाही.

"आधी मध!" जगदेवी गरजली. "गुरुजी, या पुढं. ह्यांच्यात बाप्याच चाटवतोय म्हणं."

"आपल्यात?" सारजाबाई चक्रावल्या. "कदी? अमृतच्या येळी मामा हुता, पर माझ्या येळी तर मावशीनं..."

विजयमालाबाईंनी भिंतीवरच्या लसीकरणाच्या तक्त्याकडे बघायला सुरुवात केली.

गुरुजींनी मात्र घसा साफ केला. आयुष्यभर मोजके बोललेला हा माणूस, पण निवृत्तीनंतर प्रथमच त्यांना कुणीतरी एखाद्या कार्यासाठी सन्मानाने बोलावले होते. "आजच्या या मंगल प्रसंगी," ते सुरू झाले, "उपस्थित मातृवर्ग आणि... चिमुकल्या सत्कारमूर्ती..."

चादरीखाली सत्कारमूर्तीचा आवाज आणखी चढला, आणि आता ऋतुजाच्या हुंदक्यांचीही त्यात भर पडली. "मला एकटीला राहू द्या ना कुणीतरी!" ती आतून म्हणाली.

"काय चाललंय? बारसं हाय का हितं?" सिस्टर दानेश्वरी वाऱ्यासारखी आली. "थर्मास बंद! गुरुजी, तुमी भायेर! त्या बाईला शांत बसू द्या, मन मोकळं असलं तर लेकरू लागंल की. असं सभेत दूध येतंय व्हय?"

सगळे एका दाराने बाहेर गेले आणि काळजीपोटी दुसऱ्या दाराने आत आले. गुरुजींचे भाषण अर्धे राहिले होते. सारजाबाईंना बाळाचे नाक बघायचे होते. अमृतने सगळ्यांसाठी चहा आणला. सहा कप. आल्याचा वास वॉर्डभर पसरला.

"आई, घे."

विजयमालाबाईंनी तोंड फिरवले. "उपास हाय."

"उपासाला च्या चालतोय की," जगदेवी म्हणाली.

"आज न्हाय चालत."

"मग ताक मागवू?"

"नगं म्हटलं की!" त्यांचे रडू फुटायच्या बेतात होते. तहान होतीच. पण त्याहून टोचत होते ते वेगळेच. चादरीखाली ते लेकरू जगात येऊन पहिल्यांदा काहीतरी मागत होते, ते देणारीजवळ होते, आणि मधे उभी होती ती ही सारी जत्रा. ही जत्रा भरवली कुणी? डबीतल्या थेंबभर मधासाठी, एका खोट्यासाठी, आपणच. सगळ्यांना बाहेर काढावे म्हणून त्यांनी तोंड उघडले. "जरा... भायेर..." त्या म्हणाल्या. गुरुजींनी आदराने कान पुढे केला. "काय म्हणालात?"

खोली फिरली. लसीकरणाचा तक्ता वर गेला, खिडकी खाली आली, आणि आधाराला दाराकडे गेलेल्या विजयमालाबाई बाहेर व्हरांड्यात आडव्या झाल्या.

"अय्यो शिवा! विहीणबाई!"

मग कोण थांबते! गुरुजी, सारजाबाई, अमृत, शेजारच्या खाटांवरच्या सोबतिणी, सगळा वॉर्ड व्हरांड्यात धावला. कुणी पदराने वारा घातला, कुणी चप्पल हुंगवायची सूचना केली. सिस्टरने नाडी बघितली. "पोटात काय न्हाय यांच्या. गोड द्या कायतरी, लवकर!"

गोड कुठे आहे ते जगदेवीला पाठ होते. तिने विजयमालाबाईंच्या मुठीतून डबी सोडवली, स्वतःच्या बोटातली जाडजूड सोन्याची अंगठी काढून मधात बुडवली आणि ओठांशी नेली.

विजयमालाबाईंनी ओठ गच्च मिटले.

"उघडा की तोंड!"

त्यांनी मान हलवली. मिटल्या दातांतून एवढेच आले, "बाळ... प्यालं?"

तेव्हा सगळ्यांच्या लक्षात आले. आत रडणे थांबले होते.

सिस्टरने दारातून डोकावून पाहिले. रिकामा वॉर्ड. पंख्याची घरघर. चादर बाजूला सारून ऋतुजा उशीला टेकून बसली होती, आणि तिच्या छातीशी बारीकसा, एका लयीतला चुटूचुटू आवाज.

"लागलं!" सिस्टर म्हणाली. "काय झकास पितंय!"

विजयमालाबाईंच्या डोळ्यांतून पाणी आले. नवस फिटला. त्यांनी लहान लेकरासारखा आ केला आणि जगदेवीने मधाची अंगठी त्यांच्या जिभेवर टेकवली. गोडी घशातून खाली उतरली. मग तांब्याभर पाणी उतरले. मग जरा तरतरी आली.

एवढ्यात सारजाबाई थर्मास उचलून दाराकडे निघाल्या. "पितंय? बघू बघू! वरनं एक चमचा शेळीचं दिलं की..." त्यांच्यामागे गुरुजीही टोपी सावरत, "तर मी म्हणत होतो, मातृवर्ग..."

"खबरदार!"

आवाज असा आला की खालचा वॉचमन जिना चढून वर आला. अमृतच्या हातचा चहा सांडला. विजयमालाबाई दारात आडवे हात पसरून उभ्या होत्या.

"आत कुणी पाय टाकला तर बघा! वन्सं, तो थर्मास मोडनिंबला परत! गुरुजी, भाषण बारशाला! माझी सून लेकराला पाजतीय. समदे भायेर!"

कुणीही विचारले नाही, "काय म्हणालात?"

सिस्टर दानेश्वरीसुद्धा दोन पावले मागे सरली. विजयमालाबाईंनी स्वतःच दचकून ओठांवर हात ठेवला, जिभेने ओठावरचा उरलेला मध चाखला आणि हळूहळू मान वळवून जगदेवीकडे पाहिले.

जगदेवी अंगठी पदराने पुसत होती. एवढ्या आवाजानेही आत बाळाने दूध सोडले नव्हते. शेवटचे दोन महिने ऋतुजा माहेरी, जगदेवीकडे असताना असल्या आवाजाची त्याला पोटातच सवय झाली होती.

"चाटवला की वो मीच," जगदेवी म्हणाली, आणि आयुष्यात पहिल्यांदाच इतक्या हळू म्हणाली, की विजयमालाबाईंना विचारावे लागले, "काय म्हणालात?"